देवरावांनी कर्ज काढले नाही

सन १९७१ च्या मार्गशीर्षात, नागपूरच्या महाल भागात, एका वरातीच्या ऐन मध्यावर जयविजय ब्रास बँडचा मोठा ढोल फाटला. या घटनेत कोणीही दोषी नव्हते. ढोल एकोणीस वर्षांचा होता, वाजवणारा चौपन्न वर्षांचा होता, आणि नवरदेवाचे मामा दर दहा पावलांना “और जोरसे” म्हणत होते. ढोल फाटल्यावर घोडा थांबला, घोडा थांबल्यावर वरात थांबली, आणि मामांनी ठरलेल्या रकमेतून पंचवीस रुपये कापून घेतले.

बँडचे मालक देवराव निमजे हे स्वतः क्लॅरनेट वाजवत. ते क्लॅरनेट त्यांच्या वडिलांचे. वडील धोंडबा कामठीच्या छावणीत गोऱ्या पलटणीच्या बँडमध्ये होते. पलटण विलायतेला गेली आणि क्लॅरनेट धोंडबांकडे राहिले. देवरावांना एकच मुलगी, उत्तरा. तिचा नवरदेव जानोशावरून, म्हणजे वऱ्हाडाच्या बिऱ्हाडावरून, मांडवात आणायचा तो आपण पुढे उभे राहून, बापाच्या क्लॅरनेटवर, हा त्यांचा आयुष्यातला एकमेव मनसुबा होता आणि तो त्यांनी आमच्या गल्लीत प्रत्येकाला किमान चार वेळा सांगितला होता. मलाही सांगितला होता. मी वामनराव, त्याच गल्लीत राहतो आणि करवसुलीच्या एका कचेरीत कारकून आहे. लोकांचा नफा शोधून काढणे हे माझे काम असल्यामुळे गल्लीत मला मान आहे आणि मित्र कमी आहेत.

एका ढोलावर प्रश्न सुटणारा नव्हता. कामठीच्या बँडवाल्यांनी त्याच साली जांभळे कोट शिवले होते आणि टोप्यांना तुरे लावले होते. देवरावांच्या लोकांचे कोट असे होते की वरातीत त्यांना पाहून पाहुणे पंगतीच्या वाढप्यांत मोजत. मेरठहून नवी वाद्ये, सोळा कोट आणि एक ढोल मिळून हिशेब बारा हजारांवर गेला.

इतवारीत भैयाजी सावकारी करत. त्यांचे बोलणे सरळ होते. “बारा हजार घेऊन जाय. शेकडा दीड रुपया महिना. पाच वर्षांत फेड. घराची लिखापढी कर. दर एक तारखेले मी येईन, चहा पिईन, ब्याज घेईन अन् चालला जाईन.”

देवराव उठून आले. निमजे घराण्यात तीन पिढ्यांत कोणी कर्ज काढलेले नव्हते. कोणी देतच नव्हते, असे त्यांच्या पत्नी कौसल्याबाई म्हणत. पण अभिमानाला असले तपशील चालत नाहीत.

अशा वेळी कृष्णकांत पिंपळापुरे भेटतात. पिंपळापुरे मुंबईच्या एका कंपनीत सेक्रेटरीच्या हाताखाली बावीस वर्षे काढून महालात परतले होते. त्यांना पेन्शन नव्हती, पण ज्ञान होते, आणि ते रोज सकाळी पानठेल्यावर उभे राहून वाटत. देवरावांची अडचण ऐकून त्यांनी सुपारी गालात सारली.

“कर्ज म्हणजे गुलामी,” ते म्हणाले. “नफा होवो, तोटा होवो, व्याज द्यावंच लागतं. मुद्दल परत करावं लागतं. नाही केलं तर घर जातं. तुम्ही कंपनी काढा आणि अग्रहक्काचे भाग विका.”

“म्हंजे काय करा लागते?”

“लोक पैसे देतील, तुम्ही त्यांना छापील कागद द्याल. नफा झाला तर त्यातले पहिले नऊ टक्के त्यांचे, मग उरलं ते सगळं तुमचं. नफा नाही झाला, तर त्या वर्षी काही द्यायचं नाही.”

“अन् मुद्दल?”

“मुद्दल परत करायचंच नाही.”

“कधीच नाही?”

“कंपनी आहे तोवर नाही.”

देवरावांनी आजवर सरकारी कायद्याचा उल्लेख शिवीशिवाय केला नव्हता. त्या सकाळी त्यांना प्रथमच वाटले की हा कायदा करणारा माणूस चांगल्या घरचा असावा.

“पण गा, एवढे मालक झाले तं मले कोन विचारते?”

“अग्रहक्कवाल्याला सभेत मत नसतं,” पिंपळापुरे म्हणाले. “साधारणपणे.”

शेवटचा शब्द त्यांनी पिंक टाकताना उच्चारला. देवरावांनी तो ऐकला नाही.

घरी कौसल्याबाई तांदूळ निवडत होत्या. सगळी योजना ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. “ज्याले आपले पैसे वापस नाही पाहिजे, तो देऊन कायले राहिला? त्याले काही तं पाहिजे असन ना?”

“तुले यातलं कळत नाही वं,” देवराव म्हणाले. पुढे जे काही घडले त्यातल्या कोणत्याही सभेत इतका मुद्देसूद प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही, हे मी जबाबदारीने नमूद करतो.

कंपनी निघाली. बँडची सर्व जुनी चीजवस्तू पाच हजारांची ठरवून कंपनीच्या नावे झाली आणि तिच्या बदल्यात दहा-दहा रुपयांचे पाचशे साधे भाग देवराव आणि कौसल्याबाई यांना मिळाले. मालकी त्यांची, मते त्यांची. वस्तूंच्या यादीत सातव्या क्रमांकावर ‘क्लॅरनेट, जुने, नग एक, रुपये तीनशे’ अशी नोंद होती. कौसल्याबाईंनी त्यावर बोट ठेवले. पिंपळापुरे म्हणाले, ते काढले तर पाच हजार भरत नाहीत. बोट काढले गेले.

बाराशे अग्रहक्क भाग गल्लीत विकायचे होते. गल्ली हुशार होती. भैयाजीला अठरा टक्के आणि आम्हाला नऊ, तेही नफा झाला तर? लोक चहा पिऊन उठू लागले. तेव्हा पिंपळापुऱ्यांनी पोतडीतून दुसरी वस्तू काढली. प्रत्येक भागासोबत नारिंगी कागदाची एक चिठ्ठी फुकट. तिच्यावर छापले होते, की ही चिठ्ठी बाळगणाऱ्यास पुढील पाच वर्षांत केव्हाही कंपनीचा एक साधा भाग आजच्या दहा रुपये भावानेच विकत घेण्याचा हक्क राहील, मग त्या दिवशी त्याची किंमत काहीही असो.

“हे द्याले खर्च किती?” देवरावांनी विचारले.

“कागद आणि शाई.”

आपल्या खिशातून काही जात नाही म्हटले की माणूस कर्णाचा अवतार होतो. देवरावांनी बाराशे चिठ्ठ्या वाटल्या. पिंपळापुरे यांनी आपल्या सल्ल्याचे रोख पैसे घेण्यास नम्रपणे नकार दिला आणि त्याऐवजी शंभर चिठ्ठ्या घेतल्या. देवरावांच्या डोळ्यांत पाणी आले.

चाळीस घरांनी भाग घेतले. सिंधूताईंनी, ज्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि ज्यांनी अर्ध्या गल्लीला छडीखाली पाढे शिकवले होते, पन्नास भाग घेतले. मी वीस घेतले. मेरठहून वाद्ये आली, लाल कोट आले, सोनेरी गोंडे आले. पहिल्या दिवशी सगळा बँड गल्लीतून मिरवला तेव्हा आम्ही चाळीस जण दाराशी उभे होतो, आणि खरे सांगतो, ऊर भरून आला. दोनशे रुपयांत इतका ऊर माझ्या विवाहातही भरला नव्हता.

कर्ज आणि भांडवल यांतला फरक देवरावांना दुसऱ्या दिवसापासून समजू लागला. भैयाजी महिन्यातून एकदा आले असते. आम्ही रोज जात होतो. भैयाजींना बँड काय वाजवतो याच्याशी कर्तव्य नव्हते. आम्हाला होते. आम्हाला मत नव्हते, त्यामुळे आम्ही सूचना करत होतो. कोणी म्हणाले सलामी लांबते, कोणी म्हणाले झांजा गंजतात. सिंधूताई सरावाच्या वेळी खुर्ची टाकून बसत आणि सूर चुकला की चुकणाऱ्याला उभे करत. वरातीत आमच्यापैकी कोणी ना कोणी बँडच्या बाजूने चाले आणि पाहुण्यांना सांगे, “आपलाच आहे.” देवराव हे सर्व हसून सोसत होते, कारण वर्षअखेर जवळ येत होती आणि त्यांच्या मनात एक आनंद दाटत होता.

पहिले वर्ष उत्तम गेले. खर्च वजा जाता तीन हजार उरले. आता आमच्या बाजारात एक जुनी रीत आहे, आणि तिला कोणी चोरी म्हणत नाही, जसे आंघोळीला कोणी सण म्हणत नाही. वह्या दोन ठेवायच्या. एक स्वतःसाठी, खरी. एक सरकारसाठी, लाल बांधणीची. देवराव लाल वही घेऊन माझ्याकडे आले. मी शेजारधर्माला जागून सांगितले की बँडसारख्या धंद्याला नफा दाखवणे शोभत नाही, वरच्यांच्या भुवया उंचावतात. लाल वहीत दोनशे बारा रुपये तोटा निघाला.

तोटा म्हणजे लाभांश नाही. देवरावांनी छापील सूचना काढली आणि स्वतः घरोघर दिली.

सिंधूताईंनी चष्मा वर केला. “माझे पंचेचाळीस रुपये?”

“थकीत राहिले, बाई. जमा होत जातीन.”

“कुठे जमा होतील?”

“कागदावर.”

त्या संध्याकाळी देवरावांनी मला घरी बोलावून सावजी मटण खाऊ घातले. “वामनराव, भैयाजीले आतापरेंत दोन हजार ब्याज भरलं असतं गा मी,” ते म्हणाले. “इथं एक पैसा नाही. अन् कोनी काही म्हणू नाही शकत. कंपनी म्हंजे कंपनीच होय!” दुसऱ्या वर्षी बँड आणखी चालला, सबब तोटा आणखी वाढला. लाल वहीत पाचशे चाळीस निघाले. देवरावांनी पेढे वाटले. तोट्याबद्दल पेढे वाटणारी माणसे मी नोकरीत अनेकदा पाहिली आहेत; पण त्यांच्यापैकी कोणाच्याच दारात चाळीस भागधारक उभे नव्हते.

१९७४ च्या वार्षिक सभेत, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, पिंपळापुरे उभे राहिले. त्यांच्या हातात एक जाड पुस्तक होते.

“अग्रहक्काच्या भागांवरचा लाभांश दोन वर्षं थकला,” ते म्हणाले, “की त्या भागधारकांना प्रत्येक ठरावावर मत मिळतं. कायदाच आहे. म्हणजे आज या ओट्यावर आमची बाराशे मतं आहेत आणि देवरावांची पाचशे.”

ओट्यावरची माणसे बोटांवर मते मोजू लागली.

“हे तुमी मले तवा काहून नाही सांगतलं?” देवराव उठून म्हणाले.

“मला काय माहीत तुम्हाला तोटा होईल? रोज तर वाजवत होतात.”

देवरावांनी तोंड उघडले. तोटा झालेलाच नाही, खरी वही घरी पेटीत आहे, तीन आणि साडेतीन मिळून साडेसहा हजार उरले आहेत, एवढे एक वाक्य बोलले की सगळ्यांचा लाभांश देता येत होता आणि बँड त्यांचा राहत होता. कौसल्याबाई मागून म्हणाल्याही, “सांगा नं जी! वही आणू का?” पण बोलायच्या आधी देवरावांनी सभेवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. सभेचा वृत्तांत मी लिहीत होतो, आणि मी करवसुलीच्या कचेरीत आहे. शेजारी म्हणून मला सगळे ठाऊक होते. पण चाळीस माणसांसमक्ष, सभेच्या वृत्तांतात जी गोष्ट येते ती मला कारकून म्हणून ठाऊक झाली असती. मी पेन्सिल खाली ठेवू शकलो असतो. ठेवली नाही. देवरावांनी आपला नफा गिळला आणि खाली बसले.

नवे संचालक मंडळ निवडून आले. अध्यक्ष पिंपळापुरे, खजिनदार सिंधूताई. देवरावांना मॅनेजिंग डायरेक्टर केले. पहिल्याच बैठकीत ठरले की संचालकाने रस्त्यात उभे राहून वाद्य वाजवणे कंपनीच्या प्रतिष्ठेला धरून नाही, तेव्हा क्लॅरनेट खाली ठेवावे. ते पिंपळापुऱ्यांच्या रामटेकच्या भाच्याला दिले गेले. भाच्याला दोन महिन्यांची शिकवणी होती आणि तो निम्म्या पगारात राजी होता.

मंडळाने बँडचा कारभार शास्त्रशुद्ध करण्यास घेतला. दोन ट्रम्पेटवाले एकच चाल वाजवतात असे तपासणीत आढळून आल्यामुळे एकाला कमी करण्यात आले. मोठा ढोल मारल्याने झिजतो, सबब तो एका वरातीत दोनशेपेक्षा जास्त वेळा मारू नये असे परिपत्रक निघाले. सिंधूताई वरातीबरोबर चालत ठोके मोजू लागल्या. एकदा नवरदेव मांडवापासून पंधरा हात दूर असताना दोनशे पूर्ण झाले आणि उरलेले अंतर घोड्याने नुसत्या टापांवर काटले. झांजवाला गाण्यात बराच वेळ नुसता उभा असतो, तेवढ्या वेळात त्याने गॅसबत्ती धरावी, असे ठरले. झांज वाजवताना बत्ती कोणी धरायची हा प्रश्न उपसमितीकडे गेला.

लोक हसले, पण बँड लावायचे थांबले नाहीत. ठोके मोजणारी बाई पाहायला उलट गर्दी होऊ लागली. वर्षअखेर हिशेब झाला. मंडळाला लाभांश हवा होता, त्यामुळे नफा लपवण्याचे कारण नव्हते. लाल वही बंद करण्यात आली. कंपनीच्या इतिहासात प्रथमच नफा छापून आला, पाच हजारांचा. तिन्ही वर्षांचे थकलेले नऊ टक्के सर्वांना मिळाले. सिंधूताईंनी आपले एकशे पस्तीस रुपये दोनदा मोजले.

देवराव मात्र त्या सभेत वेगळ्याच आनंदात होते. ते तीन आठवडे पिंपळापुऱ्यांचे जाड पुस्तक एका वकिलाकडून वाचून घेत होते. ते उठले. “थकबाकी संपली. आता तुमची मतं बी संपली. कायदाच होय. पाचशे मतं माही अन् या बाईची. माहं क्लॅरनेट वापस द्या.”

“अगदी बरोबर,” पिंपळापुरे म्हणाले. “अभिनंदन. आता एक लहानसं काम.”

त्यांनी खिशातून नारिंगी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि सोबत हजार रुपये ठेवले. नफा छापून आला होता. दहा रुपयांच्या साध्या भागाची किंमत आता पंचवीसच्या घरात होती. आणि चिठ्ठीत भाव दहाच लिहिला होता. त्यांच्या मागे सिंधूताई उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे रांग लागली. रांगेत मी सातवा होतो. दुपारपर्यंत तेराशे नवे साधे भाग निघाले, कायमच्या मतांसह.

तोट्यात गेला तो बँड तात्पुरता गेला होता. नफ्यात गेला तो कायमचा गेला. देवराव ओट्यावरच बसून राहिले. “ह्या चिठ्ठ्या मी फुकट वाटल्या होत्या गा,” ते मला म्हणाले. मी म्हणालो, हो, म्हणूनच घेतल्या होत्या.

कंपनीकडे एकदम तेरा हजार रोख आले, आणि बँडला तर काहीच नको होते. त्यातून गांधी गेटजवळ कचेरी घेतली, एक टंकलेखन यंत्र, दोन टेबले आणि लोखंडी कपाट घेतले. क्लॅरनेट त्या कपाटात जाऊ लागले, किल्ली सिंधूताईंकडे. देवरावांना मंडळातून मुक्त करून वाद्यनिरीक्षक नेमले. कार्यक्रम संपल्यावर वाद्ये मोजायची आणि सही करायची. तीनशे रुपये देतो, ते माझे मला विकत द्या, असा अर्ज त्यांनी केला. कंपनीची मालमत्ता विकायची तर तीन ठिकाणचे भाव मागवावे लागतात, आणि तसले क्लॅरनेट ज्या पलटणीचे होते ती विलायतेला गेलेली. सबब अर्ज प्रलंबित राहिला.

“नवं घ्या ना एखादं,” मी त्यांना एकदा म्हणालो.

“नव्याचं काय करू?” ते म्हणाले. “माहा बाप वारला तवा मी त्याच्याच बाजाले तोंड लावलं होतं. त्याचा श्वास होय तो. तुमाले समजत नाही काय, वामनराव?” मला समजत होते. पण मी त्या वेळी माझ्या लाभांशाच्या पावतीवर सही करायला कचेरीत गेलो होतो.

१९७६ च्या वैशाखात उत्तराचे लग्न ठरले. मुलगा रामटेकचा, शाळामास्तर. देवरावांनी बँडसाठी अर्ज केला. मंडळाने सखोल विचारांती कळवले की अल्पमतातील भागधारकास सवलत दिल्यास चुकीचा पायंडा पडेल. दर आठशे, निम्मे आगाऊ. अर्जदार स्वतः गिऱ्हाईक असल्यामुळे त्या दिवशी त्याने वाद्य हाताळू नये, हेही कळवण्यात आले.

देवराव इतवारीत गेले. तीन पिढ्यांचे व्रत भैयाजींच्या गादीवर मोडले. हजार रुपये, शेकडा दीड.

भैयाजींनी कागद पुढे सरकवला. “तवा बारा हजार नेले असते, तं या दिवाळीले आपला हिशेब बंद झाला असता भाऊ.”

“मी तुमाले भेलो जी. घर जाईन म्हणून भेलो.”

“मी ब्याज घेतलं असतं. बहोत झालं तं घर घेतलं असतं. बाजा कायले घेतला असता? मले वाजवता येते का?”

लग्नाच्या संध्याकाळी जानोशावरून नवरदेव निघाला. लाल कोट, सोनेरी गोंडे, मागे चाळीस भागधारक. आम्ही वधूकडचे पाहुणे म्हणूनही आलो होतो आणि आपली मालमत्ता नीट वाजते की नाही हे पाहायलाही. भाचा पुढे होता. तो जे वाजवत होता ते ओळखीचे होते, पण खात्री देता येत नव्हती. मांडवाच्या दाराशी देवराव उपरणे घेऊन स्वागताला उभे होते. त्यांचे हात जोडलेले होते आणि जोडलेल्या हातांची बोटे एकेक करून उघडत-मिटत होती, भाच्याच्या अर्धा क्षण आधी आणि बरोबर.

कौसल्याबाई आरतीचे ताट खाली ठेवून सरळ पिंपळापुऱ्यांसमोर गेल्या. “त्या बाजाचं भाडं काय आहे तुमच्या कंपनीत? एका गाण्याचं?”

पिंपळापुरे गोंधळले. असा दर ठरलेला नव्हता. पण मंडळातले सगळे हजर होते, गणसंख्या भरत होती. मांडवाच्या खांबाशी तातडीची बैठक झाली. पंचवीस रुपये, एका गाण्यापुरते, अनामत वेगळी. कौसल्याबाईंनी आहेराच्या थाळीतल्या नोटा मोजल्या. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले. ठराव एकमताने संमत झाला.

देवरावांनी क्लॅरनेट भाच्याच्या हातून घेतले, धोतराच्या सोग्याने तोंड पुसले आणि वाजवले. काय वाजवले ते मला सांगता येणार नाही. उत्तरा बोहल्यावर न जाता दारात आली आणि हुंदके देऊन रडली. नवरदेव घोड्यावरून उतरायचा विसरला. ढोलवाल्याने परिपत्रक झुगारले. सिंधूताई मोजत नव्हत्या; त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला, आणि पुन्हा काढला. मीही रडलो. लाज कसली? आम्ही चाळीसही जण रडलो. गाणे संपले. देवरावांनी वाद्य परत दिले, वाद्यनिरीक्षक म्हणून सही केली, आणि अनामत परत घेतली.

हिशेब मार्चमध्ये झाला. त्या कार्यक्रमाचे आठशे, भाड्याचे पंचवीस, खर्च वजा जाता नफा तीनशे एक्क्याण्णव रुपये पन्नास पैसे. कचेरीत राहून हाताला खोड जडते, म्हणून माझ्या साध्या भागांवर त्यातले किती आले ते मी काढले. चार रुपये पस्तीस पैसे.

ते मी घेतले. वाचकहो, नाक मुरडण्याची घाई करू नका. तुमचेही दोन-चारशे कुठेतरी लावलेले असतील, आणि त्यावर किती टक्के मिळतात हे तुम्हाला तोंडपाठ असेल. ते कोणाच्या मांडवातून येतात, हे विचारायला गेल्या सभेला तुम्ही गेला होतात काय? मी गेलो होतो. विचारले नाही. हात वर करा म्हणाले, मी केला.